सोडणारा हात

पानिपतला समुद्र नाही. सगळ्यांत जवळचा समुद्रसुद्धा इथून शेकडो कोसांवर आहे. तरी गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्याकडे दोन पानांचा एक इंग्रजी मजकूर भाषांतरासाठी आला, आणि तो समुद्रात वापरायच्या एका दोरीबद्दल होता. पाठवणारा माझा भाचा. तो उत्तर गोव्यातल्या एका किनाऱ्यावर फॉइल सर्फिंग शिकवतो. त्याच्याबरोबर बोर्ड उचलायला, शिकाऊ मंडळींवर लक्ष ठेवायला जी मुले आहेत ती वेंगुर्ले-सावंतवाडीकडची. "मावशी, इंग्रजी सूचना भिंतीवर लावल्यात, पण त्या कुणी वाचत नाही. तू साध्या मराठीत करून दे. एका दिवसाचं काम आहे," तो म्हणाला.

त्या कामाला मला तीन आठवडे लागले. पहिला अडथळा शीर्षकातच होता: लीश.

मराठीत दोरीला शब्द कमी नाहीत. जनावर खुंट्याला बांधायचे ते दावे. बैल हाकणाऱ्याच्या हातात असतो तो कासरा. नाकात असते ती वेसण, मोटेला असतो तो नाडा, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, घोड्याच्या तोंडात लगाम. शेतकऱ्याच्या भाषेला दोरीचे बारकावे चांगले ठाऊक आहेत. पण यांपैकी बहुतेक शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे: दोरीच्या एका टोकाला बांधलेला जीव असतो आणि दुसऱ्या टोकाला मालक, किंवा मालकाने ठोकलेला खुंटा. लीशचे तसे नाही. तिचे एक टोक बोर्डात अडकवलेले असते आणि दुसरे माणसाच्या घोट्याला, पोटरीला किंवा कमरेला. बोर्ड पळून जाऊ नये म्हणून माणसाने त्याला बांधले, असे म्हणावे, तर लाट आली की तोच बोर्ड माणसाला फरफटत नेतो. मग दावणीला कोण आहे? 'दावे' लिहून मी ते खोडले, 'पट्टा' लिहून खोडले, आणि तूर्त 'लीश' असेच ठेवून पुढे गेले.

पुढचे समजायला मला आधी फॉइल समजून घ्यावे लागले. साधा सर्फबोर्ड पाण्यावर घसरतो. फॉइलच्या बोर्डाला खाली उभा दांडा असतो, साधारण हातभर लांबीचा, आणि त्या दांड्याच्या टोकाला विमानाला असतात तसे पंख. पुरेसा वेग आला की पाण्याखालचे पंख वर उचल घेतात, बोर्ड पाणी सोडतो आणि माणूस पाण्याच्या वर, जवळजवळ आवाज न करता सरकत जातो. लाटेशी होणारे घर्षण संपते, म्हणून अगदी लहानशा, फुटलेल्याही नसलेल्या लाटेवर दूरवर जाता येते. हे सुख ज्या पंखांमुळे मिळते तेच पंख कार्बनचे किंवा ॲल्युमिनियमचे, पातळ कडांचे असतात. माणूस पडला की बोर्ड उलटतो आणि पंख वर येतात. एक अवजड, धारदार वस्तू लाटेच्या हाती लागते.

म्हणून फॉइलवर दोरी निवडणे ही साध्या सर्फिंगपेक्षा नाजूक गोष्ट आहे. दोरी आखूड घेतली तर पडल्यावर पंख तुमच्यापर्यंत पोचतात. लांब घेतली तर ती पाण्यात ओढत राहते, वेग खाते, कधी दांड्याला गुंडाळते. शिवाय लांबी वाढली की आजूबाजूच्या माणसांना असलेला धोकाही वाढतो: पाच फुटांचा बोर्ड आणि सहा फुटांची दोरी म्हणजे तुमच्याभोवती अकरा फुटांचे वर्तुळ, ज्यात दुसऱ्या कुणी असू नये. दोरी ताणून परत आली तर गलोलीसारखी येते आणि टोकाला फॉइल असते. यावर उपाय म्हणून बरेच जण जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळ्यांची लीश घेतात. ती आपसूक आखडून पाण्याबाहेर राहते. कोणी घोट्याऐवजी गुडघ्याखाली बांधतात, कोणी कमरेला. दोन्ही टोकांना फिरकी हवी, नाहीतर दोरीला पीळ पडतो. बोर्डाकडचा छोटा फास झिजला का ते रोज पाहावे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे. प्लास्टिकच्या दोरीवर नखाएवढी चीर दिसली तरी ती फेकून द्यावी.

इतके भाषांतर करताना अडचण आली नाही. ती पुढच्या प्रश्नात होती: ही दोरी नेमकी कुणासाठी?

या दोरीचा इतिहास फार जुना नाही. सर्फर शेकडो वर्षे हवाईच्या लाटांवर जात होते, पण बोर्ड पायाला बांधायची पद्धत रुळली ती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियात. पोहण्याचे उबदार सूट बनवणारे जॅक ओनील आणि त्यांचा मुलगा पॅट यांची नावे त्या आरंभाशी जोडलेली आहेत. सुरुवातीच्या दोऱ्या शस्त्रक्रियेत वापरतात तसल्या रबरी नळीच्या होत्या. त्या फार ताणत आणि तितक्याच जोराने परत येत. तशाच एका अपघातात जॅक ओनीलचा डावा डोळा गेला. पुढे आयुष्यभर त्यांनी डोळ्यावर काळी पट्टी बांधली, आणि ती पट्टीच त्यांची ओळख झाली. बोर्ड परत आणणाऱ्या दोरीने बोर्ड परत आणला, डोळ्यावर.

जुन्या सर्फरांचा दोरीला विरोध होता, पण तो या अपघातामुळे नव्हता. त्यांचे म्हणणे असे: बोर्ड सुटला तर पोहत जाऊन आणावा लागतो, ही भीतीच माणसाला शहाणे करते. दोरी आली की ज्याला धड पोहता येत नाही तोही खोल पाण्यात जाणार. पडण्याची लाज जाईल, लाटेचा धाक जाईल. कच्च्या माणसांची दोरी म्हणून त्यांनी तिची टर उडवली. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. दोरी नसताना सुटलेला प्रत्येक बोर्ड किनाऱ्याकडे जाताना वाटेतल्या पोहणाऱ्यांवर आदळायचा. तुमचे शहाणपण तुम्ही कमावणार आणि त्याची किंमत कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले पोर मोजणार, यात कसली मर्दुमकी?

मला वाटते, हा वाद सर्फिंगच्या बाहेरही आपण रोज घालत असतो. आपल्याकडे बंधन या शब्दाला चांगले दिवस क्वचितच येतात. शैव आगमांत जिवाला 'पशू' म्हटले आहे, कारण तो पाशाने बांधलेला; पाश सुटला की मुक्ती. आधुनिक माणसाने शब्द बदलले, दिशा तीच ठेवली: जो दोर कापतो तो मोठा. पण समुद्र वेगळेच दाखवतो. दोर कापलेला बोर्ड मुक्त होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातो. माझे सुटणे आणि दुसऱ्याचे सुरक्षित असणे यांच्यामध्ये जे पाणी आहे, त्यात कोण उभे आहे हे पाहिल्याशिवाय स्वातंत्र्याबद्दल बोलणे पोरकट आहे.

आणि तरीही दोरी जीव घेते. वाहत्या नदीत घोट्याला बांधलेली लीश पाण्याखालच्या फांदीत अडकली, तर प्रवाह माणसाला आडवे दाबून ठेवतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून वाहत्या पाण्यात बोर्ड घेऊन जाणाऱ्यांना सांगतात की दोरी कमरेच्या पट्ट्याला लावा, आणि पट्टा असा हवा की एक गोळी ओढली की सगळे सुटले पाहिजे. फॉइलची गोष्टही याच दिशेने गेली आहे. या शतकाच्या सुरुवातीला हवाईतल्या मोठ्या लाटांवर फॉइल चालवणारे लोक स्नोबोर्डचे बूट घालून बोर्डाला जखडलेले असत. पडल्यावर पायात एक लोढणे असे. पुढे बूट गेले, पाय मोकळे झाले, आणि बोर्ड दोरीने जोडला गेला. सुधारणा झाली ती बंध अधिक घट्ट करून नव्हे, अधिक सैल करूनही नव्हे. सुटण्याची सोय कुठे असावी याचा विचार करून.

हे मला नीट कळले ते पानिपतच्या एका शिंप्यामुळे.

भाच्याला कमरेच्या पट्ट्यात बदल करायचा होता. त्याच्याकडच्या पट्ट्याची सोडायची खटकी मिठाने अडकायची, आणि तरंगण्याचे जाकीट घातले की ती त्याखाली दडायची. पानिपत हे सुताचे, सतरंज्यांचे, ब्लँकेटांचे गाव. जगभरचे जुने लोकरी कपडे इथे येतात, त्यांचे पिंजून पुन्हा सूत होते. तेव्हा पट्टे शिवणारा कारागीर तुला नक्की मिळेल, असे त्याचे म्हणणे. मला मिळालाही: बॅगांचे आणि तंबूंचे पट्टे शिवणारा, सत्तरीचा एक गृहस्थ. मी त्याला चित्र दाखवले, रुंदी सांगितली, टाके दुहेरी हवेत म्हणाले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "इसनै खोलैगा कौण?"

मी म्हटले, ज्याने बांधलाय तोच. त्याचे समाधान झाले नाही. कोणत्या हाताने? हात ओला असेल का? थंडीने बोटे आखडलेली असतील का? घाबरलेला असेल का? घाबरलेला माणूस बारीक गाठ सोडत नाही, तो नुसता ओढतो. म्हणजे ओढले की सुटेल असे हवे. पण चुकून ओढले गेले तर सुटायला नको. मग त्याने गोळी पुढच्या बाजूला, दोन्ही हातांना पोचेल अशी घेतली आणि तिला लाल कापड लावले. मजबुतीबद्दल तो शेवटी बोलला, तेही एका वाक्यात. मजबूत काय, कोणीही शिवेल.

तो पट्टा घेऊन मी रिक्षात बसले तेव्हा माझ्या उजव्या मनगटावर एक निळसर वण होता. त्याच्याबद्दल मी भाच्याला काही सांगितले नव्हते.

माझी आई, म्हणजे त्याची आजी, दोन वर्षांपासून माझ्याजवळ असते. तिचे सगळे आयुष्य मालवणात गेले. आता तिला दिवस, वार, कधी कधी माणसेही आठवत नाहीत. आमच्या घरामागे काही अंतरावर यंत्रमाग आहेत. ते रात्रीही चालतात. दिवसा तो आवाज जाणवत नाही, पण मध्यरात्री रहदारी कमी झाली की एक सलग घरघर ऐकू येते. आई उठून बसते. "आयकलंस? दर्यो गाजता," म्हणते आणि बाहेर जायला निघते. एकदा ती खरोखरच गेली. पहाटे चारला जीटी रोडच्या दिशेने चालताना एका दूधवाल्याने तिला पाहिले आणि घरी आणून सोडले.

त्यानंतर मी रात्री तिचे मनगट माझ्या मनगटाला ओढणीने बांधू लागले. ती उठली की मला जाग येई. महिनाभर चांगले चालले. मी स्वतःवर खूश होते: कुलूप नाही, गोळी नाही, नुसती ओढणी. मग एका रात्री तिने गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना, कारण मी ती सुटू नये अशीच मारली होती. ती घाबरली, जोर लावून उठली, पलंगावरून कलंडली आणि ओढणीला लोंबकळली. माझा हात पिरगळला. तिचे मनगट सुजले, आठ दिवस काळे होते. ती कुणाला काही म्हणाली नाही. तिला ते आठवतही नव्हते. मला आठवत होते.

इसनै खोलैगा कौण? मी हा प्रश्न आईच्या बाबतीत विचारलाच नव्हता.

'दावे' हा शब्द संस्कृत 'दामन्' वरून आला. त्याच दोरीवरून कृष्णाला दामोदर हे नाव पडले: ज्याच्या पोटाला दोरी आहे तो. भागवतातली ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. खोडकर पोराला यशोदा उखळीला बांधू पाहते आणि दोरी दोन बोटे कमी पडते. आणखी दोरी जोडते, पुन्हा दोन बोटे कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपतात. शेवटी आई दमली, घामाघूम झाली हे पाहून तोच बांधून घेतो. मग ती उखळ ओढत ओढत दोन झाडांच्या मधून जातो, उखळ अडकते, झाडे उन्मळतात. भाविक या गोष्टीत भक्ताच्या प्रेमाने बांधला जाणारा देव पाहतात. मला तिच्यात लीशबद्दल माणसाला कळायला हवे ते बहुतेक सगळे दिसते. दोरीची लांबी नुसत्या मापाने पुरी होत नाही. बांधला जाणारा 'हो' म्हणतो तेव्हा होते. आणि बांधणाऱ्याला वाटते आपण वस्तू रोखली, पण कधी कधी आपण फक्त तिला एक उखळ जोडून दिलेली असते.

मात्र यशोदेचा प्रश्न सोपा होता, कारण तिचा मुलगा संमती देऊ शकत होता. माझी आई देऊ शकत नाही. कमरेच्या पट्ट्याची लाल गोळी तिच्या हाताशी दिली तर ती रोज रात्री ती ओढेल आणि रस्त्यावर जाईल. न द्यावी तर ती जनावर आणि मी खुंटा. ज्याला सोडता येत नाही त्याला बांधावे का, या प्रश्नाला समुद्रकिनाऱ्यावर उत्तर नाही. तिथे सगळे सज्ञान असतात.

ते उत्तर मी गावात शोधू लागले. पानिपतला दोऱ्यांच्या गोष्टी आहेत. 1526 च्या एप्रिलमध्ये बाबराने इथे सातशे गाड्या कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधून सैन्यापुढे भिंत उभी केली. पण ती भिंत सलग नव्हती. मध्ये मध्ये शंभर-दोनशे घोडेस्वार बाहेर पडतील एवढ्या वाटा सोडलेल्या होत्या. बांधताना सुटण्याची जागा आधी ठरवली होती. त्या दोरांमागून बाबराने लढाई जिंकली.

आणि 1761. या गावाचे नाव मराठीत वाक्प्रचार होऊन बसले ते त्या संक्रांतीमुळे. अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेची वाट अडवली, रसद तोडली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणी उपाशी पडली. लढाईच्या दिवशी सैन्याबरोबर हजारो न लढणारी माणसे होती: बायका, मुले, यात्रेकरू, व्यापारी, नोकर. आपल्या बखरींत आणि इतिहासात त्यांना एक शब्द आहे, 'बुणगे'. भाषांतर करताना मी नेहमी या शब्दाशी अडखळते. त्यात माणूस नाही, ओझे आहे. शाळेपासून आपण ऐकत आलो की बुणगे बरोबर नेले म्हणून हरलो. भाऊसाहेबांनी ते पाय बांधून घेतले. हिशेब म्हणून ते खरे असेलही. पण तो हिशेब दोरीच्या एकाच टोकाकडून मांडलेला आहे. सैन्याच्या बाजूने पाहिले तर ती माणसे लोढणे होती. त्या माणसांच्या बाजूने पाहिले तर परक्या मुलखात सैन्य हीच त्यांची एकमेव दोरी होती. त्यांना मधोमध ठेवून, भोवती लढते सैन्य उभारून, सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे, हा गोलाच्या लढाईचा बेत होता. दुपारनंतर गोल फुटला.

त्या गर्दीत एकोणीस वर्षांच्या आसपासचा एक मुलगा होता. तीर्थयात्रा घडावी म्हणून तो आई आणि बायकोसह या मोहिमेबरोबर आला होता. तो वाचला आणि पुढे नाना फडणवीस म्हणून प्रसिद्ध झाला. बायकोही परत पोचली. आई कायमची गेली. काला अंबच्या स्मारकाजवळ आईला घेऊन मी एकदा हिवाळ्यात गेले होते. तिथल्या बाकावर ती ऊन खात बसली, आणि मला नानांच्या आईची आठवण झाली, जी इतिहासाच्या लेखी बुणग्यांतली एक होती. तिथे बसून मला एवढेच वाटले की कोणाला बरोबर घ्यायचे हा प्रश्न निघण्यापूर्वीचा आहे. एकदा घेतले की त्यांना ओझे म्हणण्याचा हक्क संपतो.

माझ्यापुरते उत्तर मग असे झाले. जो स्वतःला बांधून घेतो, त्याच्या हाताशी सोडण्याची गोळी असलीच पाहिजे. पण आसपास माणसे असताना ती ओढण्यापूर्वी त्याने मागे पाहिले पाहिजे. आणि ज्याला सोडता येत नाही त्याला बांधायचेच असेल, तर दोन अटी. दुसऱ्या टोकाला खुंटा नको, जिवंत माणूस हवे, ज्याची झोप तिच्याबरोबर मोडेल. आणि दोरी माणसाच्या आधी तुटणारी हवी. फॉइल चालवणारे बोर्डाकडचा फास कधी मुद्दाम कच्चा ठेवतात, ताण फार झाला तर आधी तो तुटावा म्हणून. दोरी कुठे तुटावी हे आधी ठरवणे म्हणजे दोरीवरचा अविश्वास नव्हे. ज्याला बांधले त्याच्या हाडांचा तो मान आहे.

त्या शिंप्याकडे मी पुन्हा गेले. यावेळी एक मऊ सुती पट्टा मागितला, दोन्ही टोकांना चिकटपट्टी, थोड्या जोराने ओढली की सुटेल अशी. तो कुणासाठी हे त्याने विचारले नाही. त्याने माझ्या मनगटाकडे पाहिले, मापाला लागला आणि म्हणाला, बेटी, ढीली रक्खूंगा.

आता चिकटपट्टी उघडल्याच्या कर्रकन आवाजाने मला जाग येते, ओढीने नव्हे. कधी जाग येत नाही. अशा एका सकाळी आई दाराच्या कडीशी झगडताना सापडली. धोका संपलेला नाही. तो थोडा तिच्याकडून माझ्याकडे सरकला आहे, आणि तो तिथेच असणे बरे.

भाच्याचा मजकूर मी पूर्ण करून पाठवला. शब्द 'लीश' असाच ठेवला. ती मुले तोच बोलतात, आणि मला दुसरा सापडला नाही. एक वाक्य मात्र मी मुळात नसताना घातले, सगळ्यांत वर, आणि तसे त्याला कळवले: बांधण्याआधी एकदा सोडून पाहा. त्याने विचारले, "मावशी, हे मूळ इंग्रजीत कुठे आहे?" मी म्हटले, ते पानिपतचे आहे.